आई रांगोळी ओलांडते

आमच्या आईचं दारांशी वाकडं आलं होतं. बाकी कशाशी तिचं भांडण नव्हतं. जिना ती चढायची, उतरायची, गच्चीवर कुरडया वाळत घालायलाही जायची. पण सपाट फरशीवरून चालत स्वयंपाकघराच्या दाराशी आली, की तिचे पाय खिळायचे. वरचा देह पुढे निघालेला, पाय जागच्या जागी, टाचा थरथरताहेत आणि हातातल्या वाटीतली चटणी हळूहळू काठाशी येते आहे. मी आमच्या कॉलनीच्या नाटकांत बरीच वर्षं कामं केली आहेत. एन्ट्रीची वेळ झाली, प्रकाश पडला, समोरचा आपलं वाक्य संपवून वाट बघतोय आणि आपला नट विंगेत उभा राहून घाम पुसतोय, हे दृश्य मला नवीन नाही. आईचं अगदी तसंच व्हायचं. फरक इतकाच, की नटाला मागून ढकललं तर तो रंगमंचावर जाऊन आदळतो आणि लोक टाळ्या वाजवतात. आईच्या बाबतीत ती सोय नव्हती.

डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या, हाताची थरथर बरीच उतरली. दारं मात्र ऐकेनात.

घरात आम्ही चौघं. आई, वडील, बायको आणि मी. नाशिकच्या इंदिरानगरातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, म्हणजे मोजून सहा दारं, आणि प्रत्येक दाराशी रोज एक नाटक. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. मीही तिथंच चिकटलेलो. सगळं आयुष्य यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून बोलण्यात गेल्यामुळे वडिलांना हळू बोलणं म्हणजे काय हेच ठाऊक नाही. आई दारात अडकली, की ते मागून गरजायचे, "उचल पाय." मग आई आणखीनच अडकायची. मग ते आणखी मोठ्यानं गरजायचे. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा लिफ्टमध्ये माझ्या बायकोला हळूच विचारलं, तुमच्याकडे कुणी पहिलवानकी शिकतंय का?

हे असंच चालू राहिलं असतं. पण देवळ्याहून काकूचा फोन आला.

काकू म्हणजे आईची धाकटी जाऊ. मोठी मजेची बाई. देवळ्याला त्यांचा कांद्याचा मळा आहे आणि मळ्यातच नवा स्लॅबचा बंगला. या दोघी जावांची चढाओढ माझ्या जन्माआधीपासूनची. आईनं शेवया केल्या की काकूच्या जास्त बारीक. काकूनं पैठणी घेतली की आईच्या पैठणीचा काठ रुंद. दोघी एकमेकींना इतकं गोड बोलतात, की नवख्या माणसाला वाटावं, काय हा जिव्हाळा. तर काकूच्या नातवाचं लग्न ठरलं होतं, उन्हाळ कांदा निघाल्यावर, मे महिन्यात. आणि आमच्या घराण्याची एक रीत आहे. नवी नवरी दारात आली, उंबऱ्यावरचं धान्याचं माप तिनं पायानं लवंडलं, की घरातल्या थोरल्या सुनेनं तिचा हात धरायचा, तिच्याबरोबर उंबरा ओलांडायचा आणि तिला देवघरापर्यंत न्यायचं. थोरली सून म्हणजे आमची आई. भाऊबंदांतल्या किती तरी नवऱ्या तिनं अशा हाताला धरून आत नेल्या. माझी बायको त्यांतलीच एक.

आईचे हात फोन धरताना कापायचे म्हणून आम्ही तो स्पीकरवर लावून द्यायचो. त्यामुळे काकू काय म्हणाली ते सगळ्या घरानं ऐकलं.

"अक्का, तुम्ही नका त्रास घेऊ. नवरीला मी नेईन आत. तुमच्यासाठी चांगली मऊ गादीची खुर्ची ठेवते दाराजवळ. तुम्ही नुसत्या बसल्या तरी तुमचा मान तुम्हाला पोचला."

वडीलसुद्धा गप्प झाले, म्हणजे बघा.

"आणि तू कशी आहेस?" आईनं विचारलं.

"मला काय धाड भरलीये? रोज मळ्यात असते. काढणीला बायांच्या पुढं मी."

आईनं फोन ठेवायला सांगितला. तिची मान ताठ झाली होती. गेल्या वर्षभरात तिची मान मी इतकी ताठ पाहिली नव्हती. ती म्हणाली, "माझा मान मी माझ्या पायांनी घेईन. खुर्ची तिलाच लखलाभ."

एवढं बोलून ती तडक स्वयंपाकघराकडे निघाली. आणि दारात अडकली.

दुसऱ्याच आठवड्यात आमच्याकडे फिजिओथेरपिस्ट येऊ लागली. मुलगी तिशीचीही नसेल. उंचीनं आईच्या खांद्याला लागेल एवढी, पण घरात शिरली की वाटायचं वरात आली. स्कूटर लावायची, जिने धावत चढायची, हातात चेंडू, रबरी पट्टे आणि पाठीवर एवढी मोठी बॅग. पहिल्याच दिवशी तिनं आईला सोफ्यावरून हात न टेकता उठायला लावलं, बसायला लावलं, परत उठायला लावलं. हात मोठे हलवा, आवाज मोठा काढा, पाऊल मोठं टाका. या आजारात सगळं लहान लहान होत जातं, तर आपण सगळं मुद्दाम मोठं करायचं, असं तिचं म्हणणं. मला ते फार पटलं. नाटकात आम्ही दुसरं काय करतो? शेवटच्या रांगेत बसलेल्याला दिसलं पाहिजे.

आई पहिले काही दिवस रुसून होती. शाळेत कधी कवायत केली नाही, आता म्हातारपणी डावा-उजवा करू का, असं म्हणायची. पण काकूचं नाव काढलं, की उठायची. मी ते नाव औषधासारखं वापरू लागलो. जेवणाआधी एकदा, जेवणानंतर एकदा.

मग आम्ही मुख्य दुखण्याकडे वळलो. दार. त्या मुलीनं आधी वडिलांना बाजूला घेतलं. आजी अडकल्या की तुम्ही काही बोलायचं नाही, ओढायचं नाही, ढकलायचं नाही. घाई केली की पाय जास्त चिकटतात. वडिलांना हे फार लागलं. चाळीस वर्षं माणसं आणि यंत्रं त्यांच्या एका हाकेवर हलत होती. शेवटी आईनंच तोड काढली. आई दाराकडे निघाली, की वडिलांनी तोंडात सुपारी टाकायची आणि आई पलीकडे पोचेपर्यंत फोडायची नाही. त्या महिन्यात आमच्याकडे सुपारीचा खप इतका वाढला, की वाण्यानं घरात कुणाचं लग्न आहे का म्हणून चौकशी केली.

मला मात्र त्या मुलीनं नीट समजावून सांगितलं. मुंबई नाक्यावर गर्दी तुंबली की आपण काय करतो? गल्लीतून वळसा घालून जातो. आजींच्या डोक्यात चालण्याचा जो नेहमीचा रस्ता आहे, आपण विचार न करता चालतो तो, तो तुंबतो. पण डोळ्यांनी बघून मुद्दाम पाऊल टाकण्याचा रस्ता मोकळा आहे. म्हणून तर त्या जिना चढतात, पायरी दिसते ना. तर आपण त्यांना सपाट जमिनीवरही पायरीसारखं काहीतरी दाखवायचं. दारासमोर एकेका पावलाच्या अंतरावर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावा.

मी उत्साही माणूस. त्याच संध्याकाळी जाऊन पिवळ्या पट्ट्यांची रिळं आणली आणि सहाही दारांपुढे आडव्या रेघा चिकटवल्या. घराला विमानतळाची कळा आली. आईनं ते पाहिलं आणि नाक मुरडलं. "हे काय, महापालिकेनं खोदायच्या आधी आखून ठेवल्यासारखं?" आणि ती पट्ट्यांवरून सरळ पाय घासत गेली. एकही पाऊल तिनं उचललं नाही. पट्टीचं एक टोक सुटून तिच्या चपलेला चिकटलं आणि ती दारात अडकली तेव्हा तिच्या मागे हातभर पिवळी शेपटी होती. वडील सुपारी तोंडात धरून इतके हसले, की ती घशात जाता जाता वाचली.

पट्ट्या दोन दिवसांत फरशी पुसताना निघाल्या. त्या मुलीनं निळ्या लावून पाहिल्या, जाड लावून पाहिल्या. आईला त्या पट्ट्यांबद्दल काही वाटतच नव्हतं. कागदाला कोण पाय उचलून मान देणार?

मग गुढीपाडवा आला. सकाळी बायकोनं बाहेरच्या दारासमोर पॅसेजमध्ये रांगोळी घातली. ती दरवर्षी घालते, त्यात नवल काही नाही. नेहमी ती एका बाजूला घालते, पण यंदा गुढीचा पाट ठेवायला जागा हवी म्हणून तिनं दाराला लागून आडवी, पट्टीसारखी वेलबुट्टी काढली. मी गुढीला साखरेची गाठी बांधत होतो. वडील आतून कडुनिंबाचा डहाळा आणत होते. आई गुढी बघायला दाराकडे निघाली आणि आम्ही तिघंही आपापल्या कामात असल्यामुळे तिच्याकडे लक्ष द्यायचं राहिलं. वडिलांनी सुपारीसुद्धा घेतली नव्हती.

आई दाराशी आली. खाली पाहिलं. साडी दोन बोटांनी वर उचलली, उजवा पाय उचलला, चांगला गुडघ्यापर्यंत, आणि रांगोळीला स्पर्श न करता पलीकडे टाकला. मग डावा. मग पॅसेजमध्ये उभी राहून बायकोला म्हणाली, दारात अशी आडवी घातलीस तर येणार-जाणारा तुडवेल की नाही?

बायकोच्या हातातून रांगोळीची चिमूट सांडली. मी गाठी बांधायची सोडून आईच्या पायांकडे बघत राहिलो. वडील मागून म्हणाले, "हिनं पाय उचलला." ते जन्मात पहिल्यांदा कुजबुजले असतील.

आईला मात्र आमचं काय चाललंय ते कळेना. रांगोळीवर पाय द्यायचा का मग, असा तिचा साधा प्रश्न. सत्तर वर्षं जिनं कधी कुणाच्या दारातल्या रांगोळीवर पाय दिला नाही, तिचा पाय डोकं बिघडलं तरी रांगोळीवर पडणार नव्हता. आम्ही तिला पुन्हा आत यायला सांगितलं. ती आली, ओलांडून. पुन्हा बाहेर. पुन्हा आत. समोरच्या फ्लॅटमधले लोक गुढी उभी करायला बाहेर आले होते. त्यांना वाटलं आमच्याकडे पाडव्याचा हा काही वेगळा विधी आहे. त्यातल्या आजीबाई मला म्हणाल्या, आमच्यातही पूर्वी असायचं असं.

मी त्या मुलीला फोन लावला. सणाच्या सकाळी कुणाला फोन करू नये, पण माझ्याच्यानं राहवेना. तिनं व्हिडिओ पाठवायला सांगितला. पाठवला. तिचा उलट फोन आला, तेव्हा मागून तिच्या आईचा आवाज येत होता, अगं पुरणपोळी थंड होतेय. आणि ती सांगत होती, काका, चिकटपट्ट्या काढा, रांगोळी घाला.

आता माझा स्वभाव तुम्हाला कळला असेल. एक दार सांगितलं की मी सहा करतो. संध्याकाळपर्यंत घरभर रांगोळीच्या पांढऱ्या रेघा. स्वयंपाकघराच्या दारात, बाथरूमच्या वाटेवर, पलंगापासून देवघरापर्यंत, बाल्कनीत. आईचा प्रश्न सुटला आणि आमचा सुरू झाला. कारण आई होती पहाऱ्यावर. रेघेवर जरा कुणाचा अंगठा लागला की तिला असेल तिथून दिसायचं. वडील रात्री बाथरूमला निघाले की लंगडी घातल्यासारखे जायचे. बायको कुकरची शिट्टी झाली की उड्या मारत धावायची. दूधवाल्यानं पहिल्या दिवशी पिशवी हातात दिली, दुसऱ्या दिवशी उंबऱ्यापलीकडूनच लांब हात केला आणि तिसऱ्या दिवशी दाराच्या कडीला अडकवून पळाला.

पण मजा कशाची, तर रेघा पुसल्यात का, कुणी तुडवल्यात का, हे बघायला आई दिवसभर घरात फिरू लागली. या दारातून त्या दारात. हातात रांगोळीचा डबा, कुठे तुटली असेल तिथं सोफ्याच्या हाताला धरून वाकून चिमटीनं भरायची. थेरपिस्ट मुलगी हे बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी सांगितलं होतं त्याच्या दुप्पट व्यायाम होतोय, म्हणाली. आणि वर आईला विचारते कशी, आजी, बोटं सुटी होताहेत ना? आईनं चिमटीतून अशी एकसारखी बारीक रेघ सोडली, की कंपवात कुणाला झालाय ते सांगणं कठीण. मग काही रोजांनी त्या मुलीनं रेघांमधलं अंतर वाढवलं, मग एकेक रेघ कमी केली. हळूहळू तिला आखलेली रेघही लागेना. फरशीचा सांधा दिसला तरी ती ओलांडून जायची. पण अनोळखी दार, गर्दी, गडबड असली की रेघ हवीच.

आणि आमच्यासमोर नेमकं तेच होतं. अनोळखी नव्हे, पण काकूचं दार. गर्दी. गडबड.

मग मी तालमी घेतल्या. याला नाटक म्हणा, मी नाही म्हणणार नाही. हॉलच्या दारात पाट आडवा ठेवला, तो उंबरा. पाटावर तांदळाचं माप. बायको नवरी. तिनं पहिल्या दिवशी चेष्टेनं डोक्यावर पदर घेतला आणि दुसऱ्या दिवशी चक्क लग्नातला शालू काढला. वडिलांकडे वऱ्हाडाची भूमिका. टीव्हीवर सनई लावायची, भांडी वाजवायची, गर्दी करायची, पण बोलायचं नाही. आईनं नवरीचा हात धरायचा, थांबायचं, अंग जरा डावीकडे-उजवीकडे झुलवायचं, रेघ बघायची, मोठं पाऊल. नवरीनं ओढायचं नाही. बायकोला आईचा हात धरून उंबरा ओलांडताना आमच्या लग्नातली सगळी वाक्यं आठवत होती. आईनं तेव्हा तिच्या कानात काय सांगितलं होतं, तेही. मला ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी एकटाच आधी देवळ्याला गेलो. काकूच्या दारात, आतल्या बाजूला, ग्रॅनाईटच्या उंबऱ्यापासून देवघरापर्यंत माझ्या हातानं पावलापावलाच्या अंतरावर सुंदर रेघा घातल्या, दोन्ही टोकांना पानं काढून, म्हणजे कुणाला शंका नको. बाहेर गेरू आणि रांगोळी घरच्या बायकांनी घातलेली होतीच. काकू हॉलमध्ये मऊ खुर्चीत बसून सगळ्यांना कामं सांगत होती. उठली नाही. मी पाया पडलो तेव्हाही नाही. मी म्हटलं, काकू थकलीस. ती म्हणाली, कांदा भरून काल रात्रीच ट्रॅक्टर रवाना केला रे, पाय मोडून आले. मला खरंच वाटलं.

लग्न उत्तम लागलं. वरात मात्र डीजेपुढं नाचणाऱ्यांनी लांबवली. आईची दुपारची गोळी होऊन बराच वेळ झाला होता. गोळीचा असर ओसरायला लागला की तिचे पाय जड होतात, हे आम्हाला ठाऊक. मी घड्याळ बघत होतो, ती माझ्याकडे बघून शांतपणे पदर सारखा करत होती. दिवेलागणीला वरात दारात आली.

नवरी उतरली. औक्षण झालं. आईनं तिचा हात धरला. आणि मी दारातून आत नजर टाकली, तर रेघा गायब.

व्हिडिओवाल्याला नवरीची कुंकवाची पावलं हवी होती. त्यानं घरातल्या पोरींना सांगून उंबऱ्यापासून देवघरापर्यंत पांढरंशुभ्र कापड अंथरून घेतलं होतं आणि उंबऱ्याच्या आत कुंकवाच्या पाण्याची परात. माझ्या रेघा त्या कापडाखाली, पानांसकट. मी उंबऱ्याबाहेर, माझ्यापुढं आत्या, मावश्या, माम्या, करवल्या आणि व्हिडिओचा दिवा. हात पोचेल अशी सोय नाही.

नवरीनं माप लवंडलं. तांदूळ उंबऱ्यावरून आत सांडले. आई उंबऱ्याशी आली आणि थांबली. ती झुलली, डावीकडे, उजवीकडे, शिकवल्याप्रमाणे. खाली पाहिलं. काळा चकचकीत ग्रॅनाईट, त्यावर दिव्याचा झगझगाट, पुढे नुसतं पांढरं. तिच्या टाचा थरथरायला लागल्या. व्हिडिओवाला म्हणाला, आजी, इकडं बघा. मागून कुणी तरी म्हणालं, त्यांना खुर्ची द्या. नवरीला मी सकाळी कार्यालयात गाठून सगळं समजावलं होतं, ती गुणाची पोर, हात न ओढता उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आजी, घाई नाही." आणि वडिलांची सुपारी वरातीतच संपली होती. त्यांनी "उचल" एवढा शब्द काढला आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

समोर, आतल्या बाजूला, दाराजवळ काकू उभी होती. हो, उभी. खुर्चीतून उठली होती ती, औक्षणासाठी. एका हातानं दाराची चौकट धरून. दोघी जावा समोरासमोर, मध्ये फक्त उंबरा. आता काकूनं नुसता हात पुढं केला असता तरी नवरी तिच्याकडे गेली असती आणि मानही. सगळं गाव बघत होतं.

आईनं तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता आई हात सोडणार. पण आई म्हणाली, "माझा पाय अडलाय. मला ओलांडायला कायतरी आडवं टाक."

अख्ख्या आयुष्यात आईनं काकूकडे कधी वाटीभर साखर मागितलेली मला आठवत नाही.

काकूनं दाराच्या मागे हात घातला आणि एक काठी बाहेर काढली. चार पायांची नव्हे, साधी, वेताची, टोकाला रबर लावलेली. वापरून वापरून मूठ काळी पडलेली. तिनं ती उंबऱ्याच्या आत, कापडावर आडवी टाकली.

"टाकली वं अक्का. ये आता."

आईनं काठीकडे पाहिलं. साडी दोन बोटांनी वर उचलली. आणि उंबरा आणि काठी दोन्ही एका दमात ओलांडून आत गेली. तशीच, जशी आमच्या पॅसेजमध्ये गेली होती पाडव्याला. नवरीनं परातीत पाय बुडवले आणि ती आईच्या अर्धं पाऊल पुढे निघाली. पांढऱ्या कापडावर तिचं लाल पाऊल उमटलं. आता सांगा, लक्ष्मीच्या पावलावर आमची आई पाय देईल का? तिनं ते ओलांडलं. नवरीनं दुसरं टाकलं. आईनं तेही ओलांडलं. पोरीनंही ओळखलं आणि मुद्दाम सावकाश, सारख्या अंतरानं पावलं टाकत राहिली. आई तिचा हात धरून, गुडघे उचलत, एकेक लाल पाऊल ओलांडत, एखादी राणी नदी पार करते तशी देवघरापर्यंत गेली. मी दाराबाहेर उभा राहून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होतो. माझं पाहून सगळ्यांनी वाजवल्या. त्यांना काय कळलं असेल देव जाणे.

देवघराशी जाऊन आईनं नवरीकडून दिवा लावून घेतला. तिच्या कानाशी तोंड नेऊन काही तरी सांगितलं. नवरी लाजली. म्हणजे ते वाक्य अजून चालू आहे, असं माझ्या बायकोनं मला कोपरानं कळवलं.

मग आई वळली. वळणं तिला अवघड, ते ती शिकवल्याप्रमाणे छोटा गोल घेत वळली आणि सगळ्या हॉलवरून तिनं दाराकडे पाहिलं. काकू अजून तिथंच होती. चौकट धरून. सगळे आईच्या मागे गेले होते आणि काठी जमिनीवर पडली होती. काकूला ना पुढे येता येत होतं ना खाली वाकता. तिचे दोन्ही गुडघे गेले होते, किती तरी महिन्यांपासून, हे आम्हाला नंतर कळलं. म्हणूनच ती वर्षभर नाशिकला फिरकली नव्हती. कांदा बिचारा फुकट बदनाम झाला.

आईनं व्यायामात शिकलेला मोठा आवाज काढला. शेवटच्या रांगेत बसलेल्याला ऐकू जाईल असा.

"अगं पोरींनो, तिची काठी द्या तिला आधी. किती वेळची उभी आहे बिचारी."

सगळं वऱ्हाड काकूकडे वळलं. काकूनं मान ताठ केली.

"ती कुत्रं हाकलायला शे," ती देवळ्याच्या बोलीत म्हणाली.

आईनं हसू दाबायचा प्रयत्न केला. या आजारात चेहरा फारसा हलत नाही, डॉक्टर सांगतात. त्या संध्याकाळी हलला. मी पाहिलं. आणि काकू चौकट धरून हसायला लागली, तशी दोघीही थांबेनात. एक देवघराशी, एक दाराशी, मध्ये लाल पावलांचं कापड.

काकू आता आमच्याकडे राहायला आली आहे, गुडघ्यांचं ऑपरेशन झालं म्हणून. एकच मुलगी दोघींचा व्यायाम घेते. सकाळी आई पुढे चालते, काकू वॉकर घेऊन मागे. वॉकरचा पाय रांगोळीच्या रेघेवर पडला, की आई मागे न वळताच ओळखते आणि थांबते. मग रेघ परत भरेपर्यंत दोघींपैकी कुणीही पुढे जात नाही.